बाग आखावी ती पाण्यावरून

नवं घर बांधून झालं की पहिली फेरी नर्सरीकडं होते. गाडीत मावतील तेवढी रोपं येतात आणि मग ती कुठं लावायची याचा विचार सुरू होतो. वर्षभर थोडा थोडा पाऊस पडणाऱ्या मुलखात हे खपून जातं, मराठवाड्यात नाही. इथं जिल्ह्यागणिक कमीजास्त, पण साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि त्यातही मध्येच दोन-तीन आठवड्यांचा खंड पडतो. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे, आणि मेमध्ये पारा ४२-४३ वर. ज्या अंगणात सप्टेंबरला चिखल साचतो, त्याच अंगणात एप्रिलला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

म्हणून इथं बागेची आखणी पाण्यापासून सुरू करावी लागते. पाणी येतं कुठून, थांबतं कुठं आणि जातं कुठं? याची उत्तरं कागदावर उतरली की झाडांची निम्मी यादी आपोआप ठरते.

जुन्या बागांची रीत

१६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली. पुढं तिचं औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. शहर वसवल्यावर काही वर्षांतच त्याने नहर-ए-अंबरीचं काम हाती घेतलं. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारं पाणी गोळा करायचं आणि बांधीव चरांतून, खापरी नळांतून नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणायचं, अशी ती योजना. पंप नाही, मोट नाही. पुढं याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीवर भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी असंच काही किलोमीटरांवरच्या झऱ्यातून बंद नळाने आणलेलं आहे. बीडजवळची खजाना विहीर याहून जुनी, निजामशाहीच्या काळातली. तिच्यातूनही भुयारी वाटेने पाणी बाहेर पडतं आणि शेतांना मिळतं.

शहरातल्या बागा या पाण्याच्या मागोमाग आल्या. दिल्ली दरवाज्याजवळचा हिमायत बाग त्यातलाच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आज तिथं आहे.

बीबी का मकबरा १६६० च्या सुमाराचा. त्याची बाग चारबाग पद्धतीची आहे. दोन सरळ वाटा एकमेकींना काटकोनात छेदतात, बागेचे चार भाग पडतात आणि वाटांच्या मधोमध पाण्याचे चर व कारंजी असतात. ही रीत इराण आणि मध्य आशियातली. मोगल काळात ती हिंदुस्थानात रुजली आणि दख्खनेत आली. खुलताबादची बनी बेगम बागही याच घडणीची. ताजमहालात कबरीची इमारत बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. इथं ती बागेच्या मध्यावर आहे. हा फरक लोकांना ठाऊक असतो. पण बाग लावणाऱ्याने बघायची गोष्ट निराळी आहे: अशा बागांत वाटा उंच असतात आणि वाफे खाली.

पाणी उंचावरून चालत आलं की ते खालच्या वाफ्यात सोडता येतं, आणि एकदा उतरलेलं पाणी वाफ्याबाहेर जात नाही. चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात. वाफा खोल असल्याने झुडपांचे शेंडे वाटेच्या पातळीच्या आसपास येतात आणि वरून बघणाऱ्याला गालिचा पसरल्यासारखं दिसतं. बाहेरची उंच भिंत उन्हाळ्यातली झळ अडवते. कोरड्या मुलखातल्या माणसांनी पाणी वाचवायला शोधलेली ही युक्ती आहे. तिचं सौंदर्य त्या बचतीतूनच आलं.

साध्या घरांनाही हे कळत होतं. माळवदाच्या घरामागे परस असायचा. आडाच्या काठावर किंवा नहाणीच्या ओघळाला केळी, कर्दळ आणि अळू लावायचा, म्हणजे अंघोळीचं पाणी वाया जात नसे. चौकात तुळस, दारापुढं लिंब. (मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुनिंब. आंबट फळाचं झाड ती लिंबोणी. बाहेरच्या नर्सरीवाल्याशी बोलताना हा घोळ नेहमी होतो.)

हिरवळीचा हिशोब

पसरट हिरवळ ही इंग्लंडच्या हवेची गोष्ट आहे. तिथं वर्षभर भुरभुर पाऊस असतो, ऊन सौम्य असतं, आणि गवत आपोआप हिरवं राहतं. छावण्या आणि बंगल्यांबरोबर ती आपल्याकडं आली आणि बाग म्हणजे लॉन असं समीकरण होऊन बसलं. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर झालं, पण ते जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, पायथ्याशी आहे. धरणाखालची बाग वेगळी आणि बोअरवरची वेगळी.

आकडे घेऊन बघा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की सगळा हिशोब घरी करता येतो. भर उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ६ लिटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ६०० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर आठ दिवसांत संपला. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचे १०५ दिवस धरले तर ६३,००० लिटर.

आता छताचं पाणी. १,००० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर वर्षाला ५२,००० लिटर होतात. म्हणजे छतावरचा वर्षभराचा सगळा पाऊस साठवला तरी एका गुंठ्याच्या लॉनचा एक उन्हाळा निघत नाही.

त्याच गुंठ्यात लॉनऐवजी रुजलेली पाच झाडं आठवड्याला ४० लिटरवर, वीस झुडपं आठवड्यातून दोनदा ५ लिटरवर, आणि भाजीचा वाफा व कुंड्या मिळून रोज ५० लिटर धरा. त्या १०५ दिवसांत झाडांना ३,०००, झुडपांना ३,००० आणि वाफ्याला ५,२५० लिटर लागतात. सगळे मिळून सव्वाअकरा हजार. एवढं पाणी ९ बाय ८ फुटांच्या, ६ फूट खोल टाकीत बसतं. टाकी भरल्यावर छताचं उरलेलं पाणी गाळून बोअर पुनर्भरणाला सोडा.

मोकळी हिरवी जागा हवीच असेल तर हरळी राहू द्या. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल. पडू द्यावी, पहिल्या पावसानंतर आठवड्यात ती पुन्हा हिरवी होते. फक्त वाफ्यांत शिरू नये म्हणून कडेला फूटभर खोल फरशी उभी गाडा. बसायची जागा मुरूम दाबून किंवा शहाबादी फरशा सांध्यात दोन बोटं फट ठेवून करावी. सिमेंटचा अखंड कोबा करू नये. त्यामुळं पाणी जमिनीत जात नाही आणि दुपारची उष्णता रात्री घरात येते.

काळं रान आणि मुरूम: एकाला खोल वाफा, दुसऱ्याला उंच

बहुतेक बागा इथंच फसतात. मराठवाड्यातली जमीन एका प्रकारची नाही. गोदावरी, दुधना, पूर्णा, मांजरा यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे, आणि डोंगरउतारांवर, नव्या वसाहतींत वीतभर मातीखाली मुरूम नाहीतर कातळ. एकाच्या बागेतली युक्ती दुसऱ्याच्या बागेत झाड मारते.

काळ्या मातीत चिकणकण फार असतात. ते पाण्याने फुगतात आणि वाळले की आक्रसतात, म्हणूनच भेगा. फुगलेल्या मातीत हवेला वाट राहत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सप्टेंबरात आठवडाभर पाणी साचलं की मुळं गुदमरून कुजतात, पण झाड वाळतं ते ऑक्टोबरात, उघडीप पडल्यावर. मग माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी देतो. मोसंबी, लिंबोणी, पपई आणि डाळिंब यांचं असंच होतं.

लावणीआधी तीन तपासण्या करा, तिन्ही फुकट आहेत.

पहिली निचऱ्याची. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही उभं दिसलं तर त्या जागी खड्डा करून झाड लावू नका.

दुसरी पोताची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत. चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. थरांची जाडी बघून कळतं की तुमच्या हाती काय आहे.

तिसरी चुन्याची. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर जमिनीत चुनखड आहे. मग पिवळेपणाची तयारी ठेवावी लागते, ते पुढं येईलच.

काळ्या रानात घातलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. त्यात शेणखत आणि मऊ माती भरली की आजूबाजूचं पाणी तिथंच येऊन साचतं, कारण बाजूच्या भिंती पाणी सोडत नाहीत. म्हणून काळ्यात उंचावर लावायचं. फुलझाडं आणि भाजीसाठी ३ ते ४ फूट रुंद, ८ ते १२ इंच उंच गादीवाफे करा. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाचा चर ठेवा आणि सगळे चर एका कोपऱ्याकडं उतरते करा. शंभर फुटांत चार ते सहा इंच उतार पुरतो. कोपऱ्यात शोषखड्डा, तो घराच्या पायापासून निदान १५ फूट लांब. झाडासाठी तीन-चार फूट व्यासाचा, फूटभर उंच उंचवटा करून त्याच्या माथ्यावर रोप लावा.

माती सुधारायची तर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्टच. शंभर चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे सुमारे १७ घनफूट, पंचवीस-तीस घमेली. तो वरच्या सहा इंचांत मिसळा आणि दरवर्षी एक इंच पुन्हा द्या. वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. काळ्या मातीत थोडी वाळू पडली की वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. फरक पडण्याइतकी घालायची तर निम्म्याने वाळू लागेल, तेवढ्या पैशांत दहा वर्षांचं खत येतं. जिप्समही नुसतं ऐकून टाकू नका. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तरच त्याचा उपयोग होतो, आणि ते माती परीक्षणातच कळतं.

काळ्या मातीत टिकाव घालायचा तो वापसा आल्यावरच. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वापसा आहे. बोटाला चिकटली तर थांबा. ओल्या चिखलात खणलं की निघालेली ढेकळं वर्षभर फुटत नाहीत.

मुरमाड जागी सगळं उलट. तिथं पाणी थांबतच नाही, म्हणून मकबऱ्याच्या बागेची रीत तिथं चालते. वाट उंच ठेवा, वाफा तिच्यापेक्षा सहा ते नऊ इंच खोल. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांब वाफ्यात दर दहा-बारा फुटांवर आडवा बांध घाला, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला जातं आणि वरची झाडं तहानलेली राहतात. झाडांना खड्डे मोठे, २ फूट लांब-रुंद-खोल, फळझाडांना ३ फुटांचे. खालचा मुरूम टिकावाने किंवा पहारीने खिळखिळा करा. मुळं आत शिरायला चिरा मिळाल्या की झाड पुढं आपलं आपण बघतं. मुरमात काळी माती आणून भरणं चांगलं, पण खड्ड्यात निम्मी काळी आणि निम्मा निघालेला बारीक मुरूम असंच भरा. नुसती काळी भरली तर वाळल्यावर ती आक्रसून खड्ड्याच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निघून जातं.

काळ्या जमिनीवर घर असेल तर आणखी एक गोष्ट. मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढतं, माती तिथं जास्त आक्रसते आणि भिंतीला तिरप्या भेगा जातात. लिंब, चिंच, जांभूळ घरापासून २०-२५ फूट लांब ठेवा. वड, पिंपळ, उंबर प्लॉटमध्ये लावूच नयेत, ती गावाची झाडं आहेत. त्यांची मुळं शोषखड्डा आणि ड्रेनेजच्या सांध्यांत शिरतात.

ऊन आणि सावली

परदेशी पुस्तकं सांगतात की पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल. आपल्याकडं हे सरसकट लागू होत नाही. इथली कितीतरी देशी झाडं ऐन उन्हाळ्यातच पानं टाकतात. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्याने लगडतो, पण तेव्हा अंगावर पान नसतं. पळस, पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोडकी फुलतात. ही झाडं डोळ्यांसाठी लावावीत, सावलीसाठी नाही. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो, करंजही पालवी लवकर घेतो. मेच्या दुपारी लागणारी सावली ही दोन देतात. बकुळ बारमाही हिरवी आणि देखणी असते, पण वाढायला फार वेळ घेते.

जागा सूर्य ठरवतो. मेच्या मध्याच्या आसपास मराठवाड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. घर तापतं ते चार-पाच वाजताच्या उन्हाने, आणि तो सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून लिंब किंवा करंज पश्चिमेला, थोडा उत्तरेकडं सरकवून लावा. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला कलतो आणि दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडं नऊ-साडेनऊ फूट पडते. शेवंती, झेंडू, पालेभाजी भिंतीच्या उत्तरेला लागून लावली तर सबंध हिवाळाभर तिला ऊन मिळत नाही.

शेवंतीची एक खोड लक्षात ठेवा. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर तिला रात्र लांबल्याचं कळतच नाही, झाड नुसतं वाढतं आणि फूल येत नाही. कुंडी हलवा, एवढाच उपाय.

लावणी

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्या, उन्हाने किडी आणि बुरशी कमी होते. वरची सहा इंच माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. मुरमाड जागी भरताना तीन भाग मातीला एक भाग कुजलेलं शेणखत आणि खड्ड्याला अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड घाला. पेंड उधईला आवर घालते. कच्चं शेण घालू नका, ते कुजताना तापतं आणि हुमणी ओढून घेतं. खड्डा जमिनीच्या तीन-चार इंच वर भरा, पहिल्या पावसात तो बसतो.

मृग ७-८ जूनला निघतो म्हणून त्या दिवशी लावणी करायची घाई नको. पेरणीचाच नियम इथं चालतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल फूटभर खाली गेली की लावा. आर्द्रा ते पुष्य (साधारण जूनअखेर ते जुलैअखेर) हा काळ बहुतेक वर्षी बरा असतो.

रोप निवडताना उंची बघू नका. लहान पिशवीतलं सहा फुटी रोप म्हणजे पिशवीत अडकून राहिलेलं रोप. खोडाच्या जाडीकडं बघा, पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलं आहे का ते बघा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियम भागातून, लाल मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा काळ्या मातीत जसाच्या तसा ठेवला की दोन्ही मातींची गाठ पडत नाही. काळी माती आक्रसून गोळ्यापासून सुटते, बाहेर ओल असते आणि आत गोळा कोरडा ठणठणीत. लावण्यापूर्वी पिशवी पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, ब्लेडने फाडा आणि बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने झाडा. मुळं गोल फिरली असतील तर तीन ठिकाणी उभा छेद द्या. पहिले दोन महिने पाणी गोळ्यावरच पडेल असं द्या.

खोडाचा बुंधा पिशवीत जिथं होता तिथंच राहिला पाहिजे. एक इंचही खोल गाडू नका. कलमी रोपाचा जोड जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवा, जोड मातीत गेला की लिंबूवर्गीय झाडांना डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. आधाराला बांबू द्या, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि दुसऱ्या पावसाळ्यात काढून टाका. विसरलेली सुतळी खोडात रुतते आणि झाड वाऱ्यात तिथूनच मोडतं.

काय लावावं

मराठवाड्याच्या नावावर भौगोलिक मानांकन मिळालेल्या फळांत बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केशर आंबा येतात. घरच्या बागेत सीताफळ सर्वांत बिनतक्रार. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर ते आपोआप वाढतं, दहा-बारा फुटांवर बसतं आणि शेळीसुद्धा त्याचा पाला टाळते. मुरमाड प्लॉटला यापेक्षा चांगलं फळझाड नाही. मोसंबी उत्तम निचरा असेल तरच लावा. लिंबोणी आणि पेरूला १५ फूट, कढीपत्त्याला ५ फूट सोडा. शेवगा भिंतीपासून आणि तारांपासून लांब, त्याची फांदी वाऱ्याने काडीसारखी मोडते.

वासाच्या झाडांत इथली हवा उदार आहे. मोगऱ्याला कोरडेपणा आवडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत गुडघ्याएवढा छाटा, पानं काढून टाका, आळ्यात दोन घमेली शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. पाणी न तोडता नुसतं खत घातलेला मोगरा पानांनी भरतो आणि फुलाला कंजूष होतो. पावसाळ्यात जाई, श्रावणापासून प्राजक्त, थंडीत कुंद, अबोली आणि कोरांटी. गुलाब ऑक्टोबरात छाटावा, दीड महिन्याने बहर येतो. कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा लावा, दोन्ही जनावर खात नाही आणि पाणी मागत नाहीत. कण्हेरही टिकाऊ आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं आणि जनावरं असलेल्या घरी ती लावू नये.

काही झाडं लावूच नका. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून विकला जातो, पण त्याची मुळं पाइप आणि पाया शोधत जातात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सुबाभूळ बियांनी सगळीकडं पसरते. घाणेरी फुलते छान, पण ती माळरानं गिळणारं तण आहे.

इक्झोरा, गंधराज आणि हायड्रेंजिया यांना आम्ल माती लागते. आपली माती चुनखडीची आणि बोअरचं पाणीही क्षाराचं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची उपासमार आहे. जमिनीत लोह असतं, चुन्यामुळं ते मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून फारसा उपयोग होत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर दुखणं वेगळं आहे, बहुधा नत्राची कमतरता. तिथं शेणखत कामाला येतं.

पाणी देण्याची पद्धत

रोज झारीभर पाणी देणं ही सर्वांत महागडी सवय. ओल वरच्या दोन इंचांत राहते, मुळंही तिथंच थांबतात, आणि मेमध्ये एक दिवस चुकला की झाड माना टाकतं. कमी वेळा आणि खोल द्या. ठिबक असेल तर झुडपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर पाऊण तास चालवले की ५-६ लिटर जातं. मोठ्या झाडाला ताशी ८ लिटरचे चार, सव्वा तास. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बुजतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी नळीचं टोक उघडून पाणी जोरात जाऊ द्या आणि गाळणी धुवा.

चार-दोन झाडांसाठी मडकं पुरतं. पाच ते सात लिटरचं, बिनरंगाचं, बिनचकाकीचं मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि झाकण ठेवा. मातीला तहान असेल तेवढंच ते पाझरतं, तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. रंगवलेलं किंवा चकचकीत मडकं पाझरत नाही. वर्षाने पाझर मंदावला तर ते काढून लिंबूरसाने घासा.

आच्छादन म्हणजे निम्मं पाणी देणंच. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळलेला पाला, जे हाताशी असेल ते तीन-चार इंच पसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. तुराट्या-पऱ्हाट्या बारीक केल्याशिवाय टाकल्या तर उधई येते. अंघोळीचं पाणी केळी, कर्दळ आणि अळूला चालतं. कपड्यांच्या साबणाचं पाणी काळ्या मातीत कायम सोडू नका, त्यातला सोडियम माती चोपण करतो. आरओ यंत्राचं फेकलेलं पाणीही दुप्पट साध्या पाण्यात मिसळूनच द्यावं.

आळं दरवर्षी मोठं करत जा. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात, खोडाशी नाही. तिसऱ्या वर्षी आळ्याची बाहेरची कड फांद्यांच्या घेराइतकी असावी. खोडाभोवती मात्र मातीची भर घालून दुसरं, आतलं छोटं कडं करा, म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट प्लास्टिकच्या बादलीत करून खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लावली की डिंक्या आणि उन्हाची भाजणी दोन्ही टळतात.